मागच्या झाकणावरची पट्टी

पट्टीताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या एका यादीत. तेविसावी ओळ. पुढे शेरा होता: पत्ता बदलला, फोन लागत नाही.

मी तेव्हा शिष्यवृत्तीच्या कार्यालयात नुकतीच लागले होते. सहा महिन्यांची नोकरी. साहित्यात एम.ए. केलेल्या मुलीला कोणी सहा महिने ठेवून घेतं, हेच खूप होतं. कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि सचिवबाई. परकी भाषा शिकणाऱ्या दोन मुलांना दर वर्षी त्या भाषेच्या देशात पाठवायचं, एवढं एकच काम तिथे तीस वर्षं चाललं होतं. आता पुस्तिका काढायची होती. आपली मुलं कुठे पोचली, याची. सचिवबाईंनी दोन रकाने आखून दिले. ‘भाषेशी संबंधित’ आणि ‘इतर’.

“पहिला रकाना लांब दिसला पाहिजे,” त्या म्हणाल्या.

तो लांब होईना. नऊ जण शिकवत होते. एक जण औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासत होता. एक जण हॉटेलच्या काउंटरवर होती. एक शाळेची बस चालवत होता आणि मजेत होता. एक तिकडेच राहिला होता. माझ्याशी बोलताना स्वतःच्याच भाषेत अडखळत होता. एकाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि घाबरून विचारलं, “पण माझा बाँड संपलाय ना?”

तेविसाव्या ओळीच्या फायलीत भावाच्या दुकानाचा नंबर सापडला. फोन वहिनीने उचलला.

“ती होय? ती खोक्यांच्या कारखान्यात आहे. भाषाबिषा कधीच सुटली.”

मला वाईट वाटलं. त्या फायलीत एक निबंध होता. बाविसाव्या वर्षी एका परक्या कवयित्रीवर लिहिलेला. मी तो तीनदा वाचला होता. निवड समितीतल्या कोणीतरी समासात फक्त ‘अरे वा’ एवढंच लिहिलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत पुठ्ठ्याची धूळ, खळीचा वास, छतापर्यंत रचलेले ताव. आणि जिकडे पाहावं तिकडे पट्ट्या. बोटभर रुंद, टाइप केलेल्या, वर प्लास्टिक चढवलेल्या. ‘ढकला. ओढू नका.’ ‘लाल दिवा लागला की थांबा.’ ‘इथे हात ठेवू नका.’ यंत्रं परदेशातून जुनी आणलेली होती. त्यांच्यावरची मूळ अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती. ती वाचून या पट्ट्या करणारी एकच बाई होती, म्हणून तिला सगळे पट्टीताई म्हणत. तीच त्या वेळी एक पट्टी ओल्या फडक्याने पुसत होती.

“कार्यालयातून आलीस ना? वहिनी बोलली,” त्या म्हणाल्या. “जिवंत आहे असं लिही.”

“तुम्ही इथे कशा आलात?”

“बसने. साडेसातच्या.”

पलीकडे बायका हसल्या. एक म्हणाली, “ताई, मालकांच्या कपाळावर एक पट्टी लावा की. तापतं, हात लावू नका!”

मी फॉर्म दिला. चार दिवसांनी आणायला गेले. नाव, वर्ष, हुद्दा, सगळं भरलेलं होतं. हुद्दा: स्टोअर क्लार्क. शेवटचा प्रश्न कोरा. ‘या शिष्यवृत्तीचा तुमच्या कामात काय उपयोग झाला?’

“हे राहिलंय.”

“राहू दे.”

त्या कोऱ्या जागेच्या निमित्ताने मी जात राहिले. मग निमित्त लागेना. दर शनिवारी दुपारच्या सुट्टीत मी तिथे असायचे. डबे उघडायचे, मी मध्ये बसायचे. मी कविता करते हे मी फक्त त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एक वाचली आणि म्हणाल्या, “बरी आहे. शेवटच्या चार ओळी तू आम्हाला समजावतेयस. आम्ही तेवढे ढ नाही.”

तिथेच अक्का भेटल्या. कटरवर त्या सगळ्यांत जुन्या. कटर म्हणजे पुठ्ठ्याचे ताव कापणारं मोठं यंत्र. अक्कांच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेराशी संपत होती. त्या हाताने त्या इतरांच्या दुप्पट वेगाने गठ्ठे बांधायच्या. “दोन बोटं कमी, म्हणून मध्ये लुडबूड कमी,” म्हणायच्या.

अक्कांची लेक पट्टीताईंकडे भाषा शिकत होती. शाळेत असल्यापासून, दर रविवारी, पट्टीताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आता ती एकवीस वर्षांची होती. तिने आमच्याच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. अर्जासोबत एक शिफारस लागते. आधी जाऊन आलेल्या कोणाची तरी, आणि त्या व्यक्तीने मुलीला निदान वर्षभर शिकवलेलं हवं. तिला शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं.

अक्कांनी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधून आणला. हात लावण्याआधी हात पुसले.

“ताई, तुमची सही.”

पट्टीताईंनी कागद खणात ठेवला. आठ दिवस तो तिथेच राहिला. शेवटची तारीख तीन दिवसांवर आली.

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरीचं काही चुकलं का गं? की माझं? तू विचार. तुझ्याशी बोलतात त्या.”

मी विचारलं. यंत्रं बंद होती. बायका बाहेर बसल्या होत्या. पट्टीताईंनी काचेच्या केबिनमधलं कपाट उघडलं आणि कटरचं मूळ पुस्तक काढलं. तेलाचे डाग पडलेलं.

“वाचते, ऐक,” त्या म्हणाल्या. त्यांनी एक वाक्य वाचलं, मग त्याचा अर्थ सांगितला. यंत्र बंद केल्यावरही पाती थोडा वेळ फिरत राहतात. ती थांबेपर्यंत झाकण उघडू नका.

पान उलटलं. “हे पुढच्या झाकणाचं.” तेच वाक्य होतं. पुन्हा पान उलटलं. “हे मागच्या झाकणाचं.” तेच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“वडील आजारी होते. प्रबंध अर्धा टाकून आले. इथे सहा महिने काढायचे, असं ठरवलं होतं. चौथ्या महिन्यात हे यंत्र आलं. मी पट्ट्या करायला बसले. एकच वाक्य तीनदा. मला ते दळण वाटलं. पुनरुक्ती. कॉलेजात आपण खाली लाल रेघ मारतो ना, तसं. मी एकदाच लिहिलं. पुढच्या झाकणावर. छान लिहिलं होतं. मागच्या झाकणावर काहीच लावलं नाही.”

मीही तेच केलं असतं. मला ते तेव्हाच कळलं.

“अक्का खळीच्या विभागातून नव्या आल्या होत्या. कटरवर तिसरा दिवस. मागे कतरण अडकलं. त्यांनी बटण बंद केलं. मागे गेल्या. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. झाकण उघडलं.”

“मग?”

“मग चौकशी. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, असा अहवाल झाला. मालकांनी सांगितला. टाइप मी केला. दुसऱ्या दिवशी मागच्या झाकणावर पट्टी लावली. सगळ्यांना वाटलं, ताई किती काळजी घेतात.”

“अक्कांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग आता कशाला?” मी म्हणाले. हे मी म्हणाले, लपवत नाही. “पोरगी जाऊ दे आधी. नंतर सांगा.”

“चौदा वर्षं हेच म्हणतेय मी. आधी हाताची जखम भरू दे. आधी पोरीची दहावी होऊ दे.” त्यांनी पुस्तक मिटलं. “माझी सही घ्यायची की नाही, ते तिच्या आईने ठरवावं. पण सगळं माहीत असून ठरवावं.”

“आणि नको म्हणाल्या तर? मुलीचं वर्ष जाईल.”

“तेच तर आठ दिवस चाललंय डोक्यात.”

संध्याकाळी पाळी सुटली. अक्का तावांच्या गठ्ठ्यावर बसून चपला बदलत होत्या. पट्टीताई समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. पुस्तक, पट्टी, अहवाल. रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. शेवटी म्हणाल्या, “सकाळी मालकांना लेखी दिलंय. ते म्हणाले, बाई, चौदा वर्षांनी कसली उठाठेव? पण कागद घेतलाय.”

अक्कांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली.

“मागे पट्टी नव्हतीच?”

“नव्हती.”

“मला वाटायचं, असेल,” अक्का म्हणाल्या. “मीच बघितली नसेल. किती वेळा आठवून बघितलं मी. झाकण दिसायचं, पट्टी दिसायची नाही. म्हटलं, माझंच ध्यान नव्हतं.”

पंखा बंद होताना करतो तसा आवाज कुठूनतरी येत होता.

मग अक्का उठल्या. “घरी चल,” त्या पट्टीताईंना म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पट्टीताईंना अगं-तुगं केलं.

“आत्ता?”

“आत्ता. माझ्या सासूसमोर सांग. चौदा वर्षं धांदरट म्हणते मला. आल्यागेल्यासमोर. भाजी चिरायला घेतली की म्हणते, राहिलेली आठ तरी सांभाळ. चल.”

आम्ही तिघी बसने गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा असंही म्हणालं नाही. अक्का खिडकीशी बसल्या आणि शेवटपर्यंत बाहेर बघत राहिल्या. पट्टीताई दांड्याला धरून उभ्या होत्या. बाजूची जागा रिकामी होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. लेक टेबलाशी वाचत होती. आम्हाला बघून उठली, आईचा चेहरा बघून पुन्हा बसली. सासूबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कानाने मंद.

“कोण गं? इन्शुरन्सवाल्या का?”

“आई, ह्या ताई. कारखान्यातल्या. तुम्हाला काहीतरी सांगायचंय त्यांना.”

पट्टीताई खाटेजवळ गेल्या. बोलायला लागल्या. सासूबाईंनी कानामागे हात धरला. “मोठ्याने बोल बाई. मेलं काही कळत नाही.”

पट्टीताई मोठ्याने बोलल्या. आवाज जिन्यात गेला असणार. लेकीने पुस्तकावरून मान वर केली नाही. पण पानही उलटलं नाही.

सगळं ऐकून सासूबाईंनी पट्टीताईंकडे बोट केलं. “म्हणजे चूक हिची?”

“हो, माझी.”

“आणि हिची?” बोट सुनेकडे गेलं.

“त्यांची काही चूक नव्हती.”

सासूबाईंचं तोंड नुसतं हलत राहिलं. मग म्हणाल्या, “इकडे ये गं.”

अक्का गेल्या. सासूबाईंनी त्यांचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. अपुऱ्या बोटांवरून अंगठा फिरवला. एकावरून, मग दुसऱ्यावरून. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. चौदा वर्षं एका घरात राहून हा हात त्या पहिल्यांदा बघत होत्या, असं मला वाटलं.

“दुखतो का अजून?”

“थंडीत दुखतो.”

“बोलली नाहीस कधी.”

“काय बोलणार? धांदरट बाईचं कोण ऐकतं?”

सासूबाईंनी हात सोडला नाही. त्या पट्टीताईंकडे वळल्या. “आणि तू गं. एवढी परदेशात शिकून आलेली. तेच पुन्हा लिहायला काय हात दुखत होते?”

“चांगलं दिसत नव्हतं, आजी.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं दिसत नव्हतं.”

पट्टीताईंनी पिशवीतून फोल्डर काढलं आणि टेबलावर ठेवलं. सही केली नाही. नुसतं ठेवलं. लेक आईकडे बघत होती. एकवीस वर्षांच्या मुलीने असं बघू नये. तिने काही मागितलं नाही.

अक्कांनी कागद काढला. पेन शोधलं. सापडेना. मी माझं दिलं.

“सही कर,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, विचार करा. उद्या सांगितलंत तरी...”

“सही कर म्हटलं ना. राग गेलेला नाही माझा, आधीच सांगते. उद्या कामावर तुझ्याशी बोलणार नाही. परवाचंही काही सांगत नाही. पण पोरीला तू शिकवलंस. ते खोटं आहे का?”

“नाही.”

“मग तेवढंच लिही. खाली सही कर.”

पट्टीताईंनी लिहिलं. दोनच ओळी. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. लेकीने कागद घेतला, शाई वाळेपर्यंत तसाच हातात धरून बसली. ती जाईल की नाही, ते मुलाखतीनंतर ठरेल. मी कार्यालयात आहे, पण त्यात माझं काही चालत नाही.

आम्ही निघालो. अक्का आत गेल्या. दार उघडलं तर शेजारीण बाहेरच उभी. तिने आमच्याकडे पाहिलं, मग खाटेकडे.

“काय झालं, आजी? आवाज कसला? भांडण झालं का?”

“भांडण कसलं?” सासूबाई म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, तीनही मजल्यांना ऐकू जाईल असं. “आमच्या सुनेची काही चूक नव्हती. तेच सांगायला आल्या होत्या ह्या.”

आत नळ सुरू झाला. भांड्यांचा आवाज नव्हता. नुसता नळ वाहत होता. आम्ही जिना उतरून खाली येईपर्यंत तो वाहत होता.