नलूचं कपाळ

नलू सात वर्षांची असताना घाटंजीच्या बाजारात तिच्या आईनं, तुळसाबाईनं, तिला मांडीखाली दाबून धरलं आणि गोंदणारणीनं तिच्या कपाळावर तुळशीचं झाड काढलं. पोरीनं बाजार डोक्यावर घेतला. "रडू नको वं, रूप येते," तुळसाबाई म्हणाली. रूप येतं म्हटल्यावर कोण काय बोलणार! बायकांनी कौतुक केलं आणि नलूही आरशात पाहून हरखली.

पुढं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा झाली. नलूच्या बापानं, उकंडानं, घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. लेकीच्या कपाळावरची तुळस मात्र पोत्यात भरता येईना.

साठ साली दारव्ह्याकडचा एक मास्तर, गोविंदा, तिला पाहायला आला. पोरगी चौथी पास, अंगानं भक्कम, बोलायला चटपटीत. त्याच्या मनात भरली. फक्त उठताना म्हणाला, "हे गोंदण तेवढं बरं दिसत नाही. शिकलेल्याच्या घरी कपाळ साफ पाहिजे."

मास्तर बोलून गेला आणि घर कामाला लागलं. काटा रुतला की बिबा, अंग दुखलं की बिबा. मग गोंदण का नाही जाणार? तुळसाबाईनं बिबा तापवला, त्याचं तेल कपाळावर चोळलं. या वेळी नलूला धरावं लागलं नाही. मास्तर तिलाही आवडला होता.

तोंड सुजून डोळे मिटले. पंधरा दिवस पू वाहिला. तुळस गेली आणि तिच्या जागी काळा, आवळलेला डाग आला. मास्तर पुन्हा आला, चहा प्याला आणि घरी जाऊन निरोप धाडला: मुलगी जळकी आहे. मास्तरकीच्या परीक्षेत शरमेचा पेपर नसावा!

तेव्हापासून तुळसाबाई लेकीशी बोलायची ती चुलीकडं बघून.

दोन वर्षांनी राजूरच्या खाणीतला एक बिजवर, बळीराम, आला. तुळसाबाईनं नलूचा पदर भुवयांपर्यंत ओढला, तिला अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. "मान वर करू नको," असं बजावलं. पाहुण्यांना सांगू लागली, "पोरगी लय लाजरी हाये."

नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली, दारातल्या उन्हात आली आणि पदर मागं सारला.

"पाहून घ्या. आंधी रूपासाठी टोचलं, मंग रूपासाठीच जाळलं. आता ह्या तोंडाले कोनी हात लावाचा नाई. झाकाचा बी नाई."

पाहुणे चहा न पिता गेले. तुळसाबाईनं ऊर बडवून घेतला.

नलूचं लग्न झालं नाही. ती कापूस वेचायला जायची, बाजारात जायची, उघड्या कपाळानं. कुणी टक लावली तर त्याची नजर खाली जाईपर्यंत आपणही टक लावायची. दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? लग्नाच्या मांडवात बाया तिला नवरीजवळून हळूच बाजूला सारत, तेव्हा घरी येऊन ती ढसाढसा रडायची. पण दुसऱ्या दिवशी पदर तिथंच, खांद्यावर.

अडुसष्ट साली तुळसाबाईनं अंथरूण धरलं. नलू तिला पेज भरवत होती. म्हातारी वाटीकडं बघत म्हणाली, "म्या तुहं रूप खराब केलं वं."

"माहं रूप जाग्यावर हाये, माय," नलू म्हणाली. "तूच आठ वर्सं झाले, पाह्यलं नाई. आता तरी पाह्य."

तुळसाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.