शेजाऱ्यांचा रकाना

मार्चचा दुसरा सोमवार, सकाळी साडेअकरा. हजर: आमचे साहेब, नव्या सौर प्रकल्पाच्या कंपनीचे इंजिनिअर, ग्रिडचा अभ्यास करणारी माझी सहकारी आणि मी. ठरवायचं एवढंच होतं की नवा प्रकल्प गुरुवारी ग्रिडला जोडायचा की नाही.

जोडणीआधीची तपासणी यादी माझी. सत्तावीस मुद्दे, सगळ्यांपुढे खुणा झालेल्या, फक्त सही बाकी. नवा प्रकल्प ज्या वीज उपकेंद्राला जोडायचा होता, तिथे आधीपासून दोन सौर प्रकल्प चालू होते आणि त्यांच्या कागदांवरही सही माझीच होती.

सहकारिणीचे आजोबा विदर्भातून नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आलेले, माझेही तसेच. सगळं ऑफिस हिंदीत चाले, आम्ही दोघी मराठीत. मी पेन उघडलं तशी ती म्हणाली, "ताई, सही करून राहिल्या का? थांबा जरा. तुमच्या यादीत शेजाऱ्यांचा रकाना काहून नाही?"

मला लागलं. त्या यादीवर माझी पंधरा वर्षं गेली होती.

साहेब म्हणाले, "हर प्लांट पास है, फिर दिक्कत क्या है?"

"अकेला-अकेला पास है, सर," ती म्हणाली.

मग तिने समजावलं. जुन्या वीजघरात जड चाक फिरतं, धक्का बसला तरी ते आपल्या वेगात राहतं. सौर प्रकल्पात चाक नाही, पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारे इन्व्हर्टर आहेत. ते ग्रिडमधल्या विजेची लहर मोजतात आणि तिच्यामागे चालतात. ग्रिड भक्कम असेल तर लहर जागची हलत नाही. कमजोर असेल तर इन्व्हर्टरच्या स्वतःच्या विजेने लहर हलते, तो ती पुन्हा मोजतो, पुन्हा सावरायला जातो. शेजारी दुसरा इन्व्हर्टर तेच करतोय. आम्ही मात्र प्रत्येक प्रकल्प तिथे एकटाच आहे असं धरून तपासला होता. आणि पुढच्या आठवड्यात उपकेंद्राच्या दोन लाइनींपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होणार होती, म्हणजे ग्रिड नेमकी तेव्हाच कमजोर.

तिची पद्धत मला फार आवडली. मटका घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तशी ती संगणकावर एकेका वेगाच्या कंपाची बारीक टिचकी ग्रिडला मारत गेली होती आणि उत्तर काय येतं ते वहीत लिहीत गेली होती. एका वेगाला टिचकीचा आवाज विरतच नव्हता, उलट वाढत होता. तो वेग तिने लाल पेनाने गोल केला होता.

तिने आमच्यासमोर संगणकावर नवा आणि आधीच्या दोनांतला दुसरा, असे दोन प्रकल्प एकत्र चालवले आणि एक लाइन बंद केली. व्होल्टेजची रेषा क्षणभर सरळ राहिली, मग थरथरली, मग पडदाभर वरखाली होऊ लागली. शेवटी दोन्ही प्रकल्प ग्रिडपासून आपोआप सुटले. प्रत्यक्षात असं झालं असतं तर गव्हाच्या मळणीच्या दिवसांत त्या उपकेंद्रावरची गावं अंधारात गेली असती, माझ्या सहीने.

कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, "ये तो मॉडल की गड़बड़ होगी."

"होगी भैया," ती शांतपणे म्हणाली, "मॉडल आपका ही है."

साहेब हसले. मी पेन बंद केलं.

गुरुवार हुकला. तिने आणि त्या इंजिनिअरने मिळून नव्या प्रकल्पाचं नियंत्रण मंद केलं, म्हणजे त्याचे इन्व्हर्टर लहरीमागे घाईने धावणार नाहीत. लाइन बंद असेपर्यंत दोन्ही प्रकल्पांनी किती वीज सोडायची यालाही मर्यादा घातली. मग पुन्हा टिचक्या, पुन्हा वही. लाल गोल उरला नाही तेव्हाच मी सही केली आणि प्रकल्प जोडला. ते दहा-बारा दिवस ती जेवणाचा डबासुद्धा पडद्यासमोरच उघडत होती. लाइन बंद झाली त्या दुपारी मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. पडद्यावर आता खऱ्या ग्रिडची रेषा होती, ती सरळ राहिली. ती एवढंच म्हणाली, "चलो, आता चहा."

त्या दिवशी मी यादीत अठ्ठाविसावा मुद्दा लिहिला: शेजाऱ्यांसह तपासणी. त्याखाली त्या उपकेंद्रावरच्या तीन प्रकल्पांच्या तीन ओळी. दोन ओळींपुढे तिने खुणा केल्या. पहिल्या प्रकल्पाच्या कंपनीने दिलेलं मॉडेल इतकं जुनं की आमच्या संगणकावर उघडतच नाही. लाइन बंद होती तेवढे दिवस आम्ही तो प्रकल्पच बंद ठेवायला लावला, पण दरवेळी तसं करता येणार नाही. नवीन मॉडेलसाठी मी त्या कंपनीला चार पत्रं पाठवली. उत्तर नाही. त्या प्रकल्पाच्या कागदावर माझी सही आहे आणि ती ओळ अजून रिकामी आहे.