खामगावच्या जागेसाठी घेतलेलं नाव

पुण्याहून निघताना बायकोनं विचारलं, "निवडणूक बघायला कुणी एवढा प्रवास करतं का?" मी म्हटलं, तू वऱ्हाडातली असतीस तर हा प्रश्न पडला नसता. मग भुसावळ, मलकापूर, नांदुरा करत जळंबला उतरलो आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उभ्या होत्या. डब्यातला प्रत्येक जण 'मले', 'तुले' बोलत होता. पुण्यात या बोलीला लोक हसतात. मी मात्र पाय पसरून ऐकत बसलो.

नागपूरच्या कायदेमंडळात आमच्या जिल्ह्यातल्या शहरांची मिळून एक जागा आहे. ही जागा कुणाच्या बापाची नाही, आणि याचा आम्हाला भारी अभिमान. पहिल्या खेपेला ती एका वकिलांना मिळाली, दुसऱ्या खेपेला एका जिनिंगवाल्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) शेटजींनी हिसकावली, मग पुन्हा वकील, पुन्हा शेटजी. दर वेळी फरक इतका थोडा, की हरणारा आपल्याच आळीतली माणसं बोटांवर मोजून 'दगा कुणी दिला' ते सांगे. यंदा पुन्हा तेच दोघे समोरासमोर होते. नवं एवढंच, की इंग्रज सरकारच्या नव्या कायद्यानं मतदारांच्या बायकांनाही आता मत मिळालं होतं.

स्टेशनाबाहेर शेख महंमद टांगेवाले भेटले. त्यांना विचारलं, जोर कुणाचा?

"आमची पेटी अलग हाय, साहेब. मुसलमानाची जागा निराळी," ते म्हणाले. "पण तमाशा पाहाले काय जाते? यंदा बाया ठरवतीन म्हनतात. तुमची बहीणच तर गल्लोगल्ली फिरून राह्यली."

माझी थोरली बहीण, आक्का, तिथल्या अडत्याला दिलेली. भाऊजी शेटजींच्या बाजूचे, कारण त्यांचा सगळा कापूस शेटजींच्या जिनात जातो. आक्का वकिलांच्या बाजूची, कारण वकिलांनी मुलींची शाळा मागून घेतली. एकाच घरात दोन पक्ष. जेवायला कळण्याची भाकर (उडीद-ज्वारी एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचं भरीत होतं. भाऊजी मान खाली घालून जेवत होते.

आक्का वाढता वाढता म्हणाली, "मी आठ दिवसांपासून बायांले शिकवून राह्यली. गव्हाचा डबा पेटी म्हनून ठेवला. कागद कसा धरावा, फुली कुठी मारावी, घडी कशी घालावी, सारं. मायं मत वाया जाऊ देनार नाही मी, अन् त्याहीचंही नाही."

"काऊन एवढा खटाटोप?" भाऊजी पुटपुटले.

"तुमी कापूस तोलता तवा मी इचारते का?" आक्का म्हणाली. भाऊजींनी आणखी भरीत मागितलं.

मतदान शाळेत होतं. बायकांची खोली मागच्या बाजूला. मी खिडकीखालच्या लिंबाजवळ उभा होतो. आक्का आपल्या आळीतल्या बायका घेऊन आली, सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. पहिली आत गेली आणि लगेच परत आली. दुसरीही तशीच. खोलीतला अधिकारी सागर जिल्ह्याकडचा, हिंदी बोलणारा. यादीत बायकांची नावं 'अमक्याची बायको' अशी लिहिलेली, म्हणून तो प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारत होता. आता नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? आठ दिवस सगळं शिकवलं, पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अशी चूक करावी ती आम्हीच.

एका बाईचा दीर खिडकीतून नाव सांगायला गेला. शेटजींच्या माणसानं हरकत घेतली, आणि अधिकारीही म्हणाला, "दूसरे के मुँह से नहीं चलेगा. बाई खुद बोलेगी, तभी पर्चा मिलेगा."

रांग जागेवर थिजली. दोघी-तिघी घरी निघाल्या. इतक्या अटीतटीच्या जागेत एवढ्या बायका परत जाणार, आणि आक्काचा सगळा आठवडा पाण्यात. ती क्षणभर पदर चावत उभी राहिली. मग आत गेली.

"साहेब, खुद बोलली तर झालं ना? कसं बोलावं, ते तं नेमलं नाही ना?"

"बोलिए तो सही."

आक्कानं पदर सावरला आणि मंगळागौरीत म्हणावा तसा, खड्या आवाजात उखाणा घेतला :

"जिनाच्या भोंग्यानं जागं होते गाव,
सरकारानं पुसलं म्हनून गोविंदरावाचं घेते नाव."

बाहेर हशा पिकला. अधिकाऱ्यानं यादीत पाहिलं, गोविंदराव सापडले, आणि शेटजींच्या माणसाकडे वळून तो म्हणाला, "नाम तो आ गया." मग काय विचारता! घरी निघालेल्याही फिरल्या. प्रत्येकीचा उखाणा निराळा. शेवटी शेवटी तो अधिकारीच "वाह" म्हणून कागद देत होता. मला इतका अभिमान वाटला, की लिंबाखाली मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

निकाल ऐकूनच निघायचं म्हणून मी राहिलो. वकील निवडून आले, आणि नेहमीप्रमाणे अगदी निसटते. पुढच्या खेपेला काय होईल, सांगता येत नाही. शेटजी पुन्हा उभे राहणार हे नक्की, आणि तेव्हा त्यांनाही मुलींच्या शाळेबद्दल बोलावं लागेल. ही जागा अशीच डळमळती राहावी असं मला वाटतं. बूड पक्कं झालेला माणूस दारी येत नाही.

निकालाच्या दिवशी भाऊजी पेढीवरून उशिरा आले. आक्का ताट वाढत होती.

भाऊजी पाटावर बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "लग्नाले वीस वर्सं झाली. हिनं चारचौघांत मायं नाव घेतलं, ते मायाच मानसाले पाडाले." आणि हसू लपवायला त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पुण्याला घरात पाऊल टाकताच बायकोनं विचारलं, "कोण आलं निवडून?" वकिलांचं नाव सांगायच्या आधी मी तिला आक्काचा उखाणा म्हणून दाखवला, अगदी 'पुसलं' आणि 'म्हनून'सकट. ती हसली नाही. म्हणाली, "पुन्हा म्हणा."