पाठीमागचा आकडा

युद्धात विमानवाहू जहाजावरून उडालो, शत्रूच्या बंदरावर बॉम्ब टाकून परत आलो, छातीला वीरचक्र लागलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर भिवंडीत सासऱ्यांचे कापडाचे लूम सांभाळायला बसवणं म्हणजे घारीला खुराड्याची मुकादम नेमणं. बसणं जमेचना. धामणकर नाका ते कोन गाव मी रोज इतके हेलपाटे घालायचो, की रस्त्याला माझ्या चपलांचे चर पडले. आता वर डांबर टाकलंय, म्हणून दिसत नाहीत.

अशात एका फ्लाइंग क्लबात शिकवायची जागा निघाली. पुन्हा उडायला मिळणार! अडचण एकच, कानांची तपासणी. चोवीस लूमनी माझे कान पार खाल्ले होते. बायको "अहो, जेवायला!" ओरडली की शेजारच्या बिल्डिंगमधले हात धुऊन यायचे, मी नाही.

पण शेडमध्ये त्या खडखडाटात कुणीच ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. आमचा म्हातारा मिस्त्री तर पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून शिवी ओळखायचा. त्याला म्हटलं, मला शिकव.

"कप्तान साब, तुमी इमान उडवलं, आता माझा तोंड बगनार?"

"बघतो. आधी पान थुंक."

तीन महिने रोज चहाच्या सुट्टीत तो आवाज न काढता आकडे बोलायचा आणि मी ओळखायचो. चुकलो की तो कपाळावर हात मारायचा.

तपासणीला डॉक्टर समोर उभे राहून कुजबुजले. बावीस. एकोणसाठ. त्यांचे ओठ मिटायच्या आत माझं उत्तर तयार.

"कान विशीतले आहेत तुमचे! आता माझ्याकडे पाठ करा."

हे मिस्त्रीच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पाठ केली. थोडा वेळ थांबून ठोकून दिलं, "चौतीस!"

डॉक्टर पुढे आले. "मी अजून काही बोललोच नव्हतो."

पुन्हा पाठ केली. या वेळी खांद्यावर हात पडला. ते तीनदा बोलले होते.

मी भांडायला तोंड उघडलं आणि युद्धातलं ते उड्डाण आठवलं. वीरचक्राची गोष्ट मी शंभरदा सांगितलीय, दर वेळी शत्रूची एक बोट जास्त बुडवलीय. एकच गोष्ट गाळत आलो. खालून तोफ सुटली ती मी पाहिलीच नव्हती. मागच्या सीटवरचा जोडीदार ओरडला, "डावीकडे वळ!" मी वळलो, म्हणून आज आहे. क्लबातलं शिकाऊ पोरगं घाबरून ओरडेल, तेव्हा माझ्याकडे तोंड करून थोडंच ओरडणार?

"सहा महिन्यांनी पुन्हा या," डॉक्टर समोर येऊन म्हणाले.

"नको," म्हटलं आणि अर्ज मागे घेतल्याचं तिथंच लिहून दिलं. हलत्या जहाजावर विमान उतरवताना मला कधी दुसरी फेरी मारावी लागली नाही. त्या कागदावर सही मात्र दुसऱ्या फेरीत उतरली. यात पदरचं काहीच घातलेलं नाही.