शेवटच्या गल्लीचा प्रश्न

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्या मित्रांपाशी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर आजही गप्पच बसलो असतो. एवढाच माझा धीर.

मला स्वतःचा राग येतो. पण त्याहून जास्त राग येतो तो माझ्या त्या वेळच्या भाषेचा. किती गोड, किती नेमस्त, किती नियमाला धरून! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी दिली की समोरच्याला निदान कळतं, याला कुठंतरी झोंबलंय. मी ‘कृपया’ लिहीत होतो.

मराठीतून प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारायची एक साईट आहे. कुणी अडलं की प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं. बाकीचे मतं देतात — चांगल्याला वरचं, टाकाऊला खालचं. खालची मतं साठली की प्रश्न दिसेनासाच होतो. मी तिथं टोपणनावानं लिहायचो. उत्तरं देत देत इतकी मतं मिळवली की मला मॉडरेटर केलं. म्हणजे साईटचा दर्जा राखणारा. कुणाचा प्रश्न ठेवायचा, कुणाचा बंद करायचा, कुणाला काही दिवस लिहू द्यायचं नाही — सगळं माझ्या हाती. लातूरजवळच्या मुरुडसारख्या गावातून आलेल्या माणसाच्या डोक्यात जायला एवढं पुरेसं होतं. नाही — गावाला कशाला मधे ओढू? माझ्याच डोक्यात गेलं.

तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, हे तुम्ही वाचलं असेल. शहरातल्या आमच्या भागातल्या लोकांनी एकत्र येऊन एक पाणी समिती केली होती. हार्डवेअरचे दुकानदार अप्पा तिचे प्रमुख. त्यांच्या दुकानात बसून दोनच गोष्टींवर चर्चा चालायची — टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. टँकर कुठल्या गल्लीत आधी न्यायचा, यावरून रोज भांडणं. मी म्हणालो, अप्पा, कॉम्प्युटरवर पाळी लावून देतो, कटकटच नको. आणि दिला प्रोग्राम लिहून. टँकर आला की दुकानातला कॉम्प्युटर सांगायचा, आज कोणती गल्ली. पेपरात माझा फोटो आला. अप्पांनी चारचौघांत शाल घातली, आणि मी ती घालून घरापर्यंत चालत आलो.

पहिली गल्ली अप्पांची. माझी तिसरी. सगळ्यात शेवटची मागच्या बाजूची, बौद्ध वस्तीची. क्रम अप्पांनी सांगितला, मी टाकला. मला त्यात काही वाटलं नाही. काही वाटलं नाही, हेसुद्धा इथं सांगायलाच हवं.

त्या शेवटच्या गल्लीत प्रज्ञा राहायची. मूळची बिलोलीची. नांदेडला इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. लग्न होऊन लातूरला आली आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला कॉलेजातही माहीत होतं, आणि आवडत नव्हतं.

तिच्या गल्लीत टँकर येईना. आमच्याकडे येतोय, अप्पांकडे तर दोन-दोनदा येतोय, आणि त्या गल्लीतल्या बायका भर उन्हात लांबच्या बोअरवर घागरी घेऊन उभ्या. विचारायला गेल्या की अप्पा कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचे. “त्येला जातपात कळत न्हाई बाई, नंबर आला की येतंय पाणी.” अप्पांना ते खरंच वाटत होतं. त्यांना तसं मीच सांगितलं होतं ना!

प्रज्ञानं बरेच दिवस लक्ष ठेवलं. आणि मग एके दिवशी त्या साईटवर तिचा प्रश्न आला — तिच्या खऱ्या नावानं. तिला वाटत होतं ते असं : प्रोग्राम पाळी लक्षात ठेवतो, पण लाईट गेली की विसरतो आणि पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरू करतो. लाईट इथं रोज जाते. मग शेवटच्या गल्लीची पाळी येणार तरी कधी? तिनं तसाच एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहून खाली जोडला होता. माझा अंदाज बरोबर आहे का, आणि यावर उपाय काय, एवढंच विचारलं होतं.

वाचताक्षणी कळलं — बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. पाळीचा आकडा मी कुठं साठवून ठेवलाच नव्हता. लोडशेडिंगच्या गावात जन्म काढून मी लाईट जाईल याचा विचार केला नव्हता!

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला आजही सहन होत नाही. त्या प्रश्नात माझं नाव नव्हतं. समितीचंही नव्हतं. प्रोग्राम कुणी केलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, पेपरातला फोटो तिनंही पाहिला होता. पण वर्गमित्राला लोकांसमोर उघडं पाडायचं नाही, आधी आपली खात्री करून घ्यायची — म्हणून ती अनोळखी लोकांना विचारायला आली होती. ती मला सांभाळून घेत होती. आणि त्या टोपणनावामागं मीच बसलोय, हे तिला कुठून कळणार?

मी प्रश्न बंद केला. खाली लिहिलं : हा प्रश्न प्रोग्रामिंगचा नसून स्थानिक तक्रारीचा आहे, साईटच्या दर्जात बसत नाही, कृपया नियम वाचावेत. तिनं गल्ली, टँकर सगळं काढून पुन्हा लिहिला. किती नेटका लिहिला होता! मी ‘तोच प्रश्न पुन्हा’ म्हणून तोही बंद केला आणि तिला काही दिवसांची बंदी घातली.

तुम्ही म्हणाल, अरे, मग गुपचूप दुरुस्त तरी करायचं होतंस. चहाला आधण येईस्तोवर झालं असतं काम. मग का नाही केलं? सांगतो. प्रश्न आला आणि लगेच टँकर शेवटच्या गल्लीत गेला, तर तिला कळलं असतं. म्हणून मी थांबलो. लोक विसरेपर्यंत थांबलो. माझ्या अंगणात पाण्याची टाकी भरलेली, आणि मी थांबलो. पहिली गल्ली कोरडी राहिली असती तर थांबलो असतो का? अप्पांना घागर घेऊन उन्हात उभं राहू दिलं असतं का? उत्तर तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे.

बंदी उठल्यावर तिनं साईटच्या चर्चेच्या पानावर दाद मागितली : प्रश्न का बंद केला, सगळ्यांनी मत द्यावं. तेव्हा मी दर्जावर एक लांबलचक टिपण लिहिलं. अगदी मन लावून लिहिलं. टँकरची पाळी आणि नव्या जिल्ह्याची मागणी यांना पारावर जागा आहे, इथं नाही, असा त्यात एक टोमणाही होता. लोक खूष झाले. पुण्याचे, परदेशातले, मोठमोठ्या कंपन्यांतले — भराभर वरची मतं. तिला खालची. एकानं लिहिलं, आधी पाया पक्का करा ताई. मी त्यालाही वरचं मत दिलं.

तिनं शेवटचं एक वाक्य टाकलं : माझीच समज कमी पडली, सर्वांचा वेळ घेतला, क्षमस्व. आणि खातं काढून टाकलं. माझं ते टिपण मात्र साईटचा नियम झालं. आजही कुणा नवख्याचा प्रश्न बंद करायचा असला की लोक तेच पुढं करतात. मी कधी ते मागं घेतलं नाही.

पावसाच्या तोंडावर मी ‘नवीन व्हर्जन’ म्हणून अप्पांच्या दुकानात बसून चूक काढून टाकली. कुणाला काही कळलं नाही. शेवटच्या गल्लीत टँकर जाऊ लागला.

नंतर एकदा दुपारी प्रज्ञा घरी आली. मला वाटलं, कळलं हिला. खरं सांगू? मला थोडं बरंही वाटलं, की आता ही बोलेल आणि एकदाचं संपेल. ती बसली, पाणी प्यायली, अन् खाली मान घालून म्हणाली, “एक सांगायचं होतं रे. तुझ्या प्रोग्राममधीच चूक हाय, असं मी लई दिवस धरून बसले होते. एका साईटवर विचारलं बी. तिथल्या जाणत्या लोकांनी सांगितलं, मलाच कळत न्हाई म्हणून. खरंच हाय ते, नंबर आल्यावर पाणी आलंच की. क्लास बी सोडला मी, काय शिकवणार लेकरांला? तुझ्याबद्दल मनात वाईट आणलं, राग धरू नको.”

ती माझी माफी मागत होती. माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून.

मी म्हणालो, “जाऊ दे गं, होतं असं.” मी तिला माफ केलं.