मिरजगावच्या पपईबागेत, नर झाडं उपटल्यावर

"हायब्रीडचं बी धरून लाव, एका आईची लेकरं असून एक दुसऱ्यासारखं निघायचं न्हाई," असं मंगल मला राहुरीला शेतकी शिकताना होस्टेलच्या जिन्यात म्हणाली होती. शिक्षण संपल्यावर मी पुण्यात बँकेत चिकटले. ती लग्न होऊन मिरजगावला गेली आणि तिथे नेमकं तेच करत राहिली: हायब्रीड पपईचं बी धरायचं, रोपं करायची, त्यातून मनासारखं झाड शोधायचं. दिवाळीनंतर घर फारच शांत झालं, तेव्हा तिला फोन केला. "ये की," एवढंच म्हणाली.

पुण्याहून नगर, तिथून सोलापूर रस्त्याने मिरजगाव. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. नगरच्या स्टँडवर खाऊन घ्या. गावात ओळखीचं कुणी नसेल तर मुक्कामही नगरलाच ठेवा. एसटीत शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "एकटीच व्हय?" मी हो म्हणाले. "मंग सरका की जरा, मला खिडकी लागती." सरकले. तेवढंच बोलणं झालं, पण बरं वाटलं.

मंगलचं शेत रस्त्यापासून चालत जाण्यासारखं. एकाच फळाच्या बियांची झाडं, पण एक ठेंगणं आणि जाड बुंध्याचं, शेजारचं नुसतं वर सुटलेलं, पानापानांत वीतभर अंतर. कुणाचे देठ जांभळे, कुणाचे पोपटी. जवळजवळ सगळ्यांची पानं रोगाने आखडलेली, पिवळी. मधोमध एकच झाड हिरवंगार.

"हेच," मंगल म्हणाली. "एवढ्या वर्षांत रोग न लागलेलं पहिलं."

त्याच्या बुडाशी गळालेल्या फुलांचा सडा होता. या पपईत नर झाड वेगळं, मादी वेगळी. फुलं आली की कळतं कोण नर, कोण मादी, मग नर उपटायचे, पण परागासाठी थोडे राखायचे. मंगल दिवाळीला माहेरी गेली आणि भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकूण एक नर काढून टाकले.

"नुसतं पानी पित्यात, फळ न्हाई," भाऊजी म्हणाले. "मला काय म्हाईत थोडं ठिवायचं असतं?"

"सोताला तेवढं बरं सोडलं," मंगल म्हणाली. भाऊजी खो खो हसले. ती हसली नाही.

हिरवं झाड मादी. पराग नाही, म्हणून फुलं गळतात, बी नाही; आणि बी धरलं नाही तर ते झाड तिथेच संपणार. दारात पिशव्यांमध्ये तिने नवी रोपं केली आहेत. त्यांत नर निघतीलच, पण फुलं यायला काही महिने लागतील. इकडे बाग मोडून कांदा लावायचं ठरलंय; कांद्याचं रोप तयार आहे, ट्रॅक्टर सांगून झालाय.

"हे एक झाड ठिवा म्हनून मी बोलून बघितलं," मंगल म्हणाली. " न्हाईच म्हनले. मदी झाड आलं की ट्रॅक्टर अडतो. आन रोगट बाग ठिवून करायचं काय, ते बी खरंच हाय."

संध्याकाळी भरीत-भाकरी होती. मी विषय काढणार होते. भाऊजी आग्रहाने वाढत राहिले, "ताई, लाजू नका," आणि मी भाकरीच खात राहिले.

सकाळी निघाले. वेळ असेल तर कर्जतजवळ रेहेकुरीच्या अभयारण्यातली काळविटं बघा. मी एकटीने बघितली. चांगली दिसली, पण "ते बघ" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

घरी आले तर माझा कप मी ठेवला होता तसाच सिंकमध्ये. प्रवासातलं काय उरलं? ओंजळीत गळलेली फुलं घेऊन उभी असलेली मंगल. त्या घरात सगळे प्रेमाने वागतात, पण आज कोणत्या झाडाला काय झालं, हे तिला कुणी विचारत नाही. मलाही संध्याकाळी कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ते मला कळलं.

आत्ता भाऊजींना मेसेज लिहिते आहे. उत्तर माहीत आहे, तेही गोड शब्दांत येईल. तरी: भाऊजी, कांदा लावा, पण ते एक झाड, पिशवीतल्या रोपांना फुलं येईपर्यंत, उभं राहू द्या.