मामांची निळी परीक्षानळी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या ऑफिसात होते. "मशीनवर न जाता गेले," मामी एवढंच म्हणाली... त्यात समाधान होतं की थकवा, हे इतक्या आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही.

मामा रायपुरात विज्ञान शिकवायचे. डोंगरगडहून कॉलेजसाठी त्यांनीच मला इथे आणलं. आमच्या घरातली पहिली पदवी त्यांच्यामुळे माझ्या नावावर आहे. मधुमेह त्यांना जुनाच. पुढे मूत्रपिंडं थकू लागली. मोठ्या भावाचं डायलिसिस त्यांनी शेजारी बसून पाहिलं होतं, म्हणून मागणं एकच असायचं, "मले त्या मशीनवर नको."

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या औषधासोबत मूत्रपिंड जपणारी एक नवी गोळी दिली. पण मामांचा जुना नेम होता : रविवारी निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी दिव्यावर तापवायची. गोळी सुरू झाली आणि नळीतला निळा रंग विटकरी झाला, म्हणजे भरपूर साखर. औषध उलटलं असं समजून त्यांनी कुणाला न सांगता गोळी सोडून दिली. पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं आणखी थकलेली निघाली, तेव्हा हे उघड झालं. "यायले नळीवर भरवसा हाय, डॉक्टरवर नाई," मामी तिथेच बोलली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की ही गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते आणि त्यातच मूत्रपिंडांवरचा ताण हलका होतो. गेलेली ताकद परत येणार नाही, उरलेली टिकवू. मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोट्टे, मी नाई, तो निळा रंग बुढा झाला."

त्यानंतरची वर्षं उरलेलं टिकवण्यात गेली. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, रक्ताच्या तपासण्या, पायांवरची सूज, सदर बाजारात जाऊन येतानाही लागणारा दम... बरं होणं त्यात कुठेच नव्हतं. फक्त आणखी बिघडू द्यायचं नव्हतं, आणि ते रोज सकाळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी न्यूमोनियाने नेलं. मूत्रपिंडं तोवर कशीबशी चालत होती.

परवा मामीकडे जेवायला गेले होते. तिने डाळ वाढली, अळणीच. मिठाची बरणी वरच्या फळीवर, मामांचा हात पोचू नये अशी मागे सरकवलेली. आता ती खाली घ्यायला हरकत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मामी जेवत राहिली, आणि मीही.